सावलीचं घड्याळ

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला आपल्या वस्तीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाबासाहेबांचं घर पाहिलं का?" पाहिलं. किंग हेन्रीज रोडवरचं ते १० नंबरचं घर. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथं राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनानं ते विकत घेतलं. यंदाच्या जयंतीला तिथं अभिवादन करून आले. पण त्या घराविषयी आपल्या वाचकांनी पुष्कळ वाचलेलं आहे. आज सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या एका खांबाविषयी. लंडनला जाणारी आपली माणसं सहसा तिकडं फिरकत नाहीत.

या जागेचं नाव सेव्हन डायल्स. डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. घराजवळच्या चॉक फार्म स्टेशनवरून भुयारी रेल्वेत बसलं की थेट लेस्टर स्क्वेअरला उतरता येतं. तिथून पाच-सात मिनिटं चाललं की सात गल्ल्या एकत्र येतात तो छोटा गोल चौक लागतो. मधोमध साधारण तीन मजली चाळीएवढा उंच दगडी खांब आहे आणि त्याच्या डोक्यावर सभोवार सूर्यघड्याळं बसवलेली आहेत. निळ्या तबकड्या, त्यावर आकडे आणि एक तिरपा काटा. काटा जागचा हलत नाही, फिरते ती त्याची सावली. ती ज्या आकड्यावर पडेल ती वेळ. किल्ली नाही, सेल नाही, दुरुस्तीवाला नाही.

नाव सात तबकड्यांचं असलं तरी मोजल्या तर तबकड्या सहाच भरतात. थॉमस नील नावाच्या माणसानं १६९० नंतरच्या वर्षांत ही वस्ती आखली. आधीच्या आराखड्यात रस्ते सहा होते, म्हणून तबकड्याही सहा. पुढे रस्ते सात झाले. मग लोक म्हणू लागले की सातवं घड्याळ म्हणजे खुद्द खांबच, कारण त्याचीही सावली जमिनीवर फिरते. मला हे स्पष्टीकरण आवडलं. वस्तीतली माणसं कुठल्याही मुलखातली असोत, हिशेबातली तूट भरून काढायला असंच काहीतरी शोधतात.

खांबाचा मूळ शिल्पकार एडवर्ड पियर्स. काम १६९४ च्या सुमाराचं. ज्याला पैसेवाल्यांची वस्ती करायचं घाटत होतं तिथं पुढे गरीब माणसं दाटीवाटीनं राहू लागली. मजूर, फेरीवाले, बेकार, दारूडे, भीक मागणारे. त्या काळचं लंडनमधलं ते बदनाम ठिकाण. चार्ल्स डिकन्स या प्रसिद्ध लेखकानं १८३० नंतरच्या दशकात या वस्तीवर एक लेखच लिहिला आहे. हे लोक बसत कुठं, तर चौकातल्या याच खांबाच्या पायथ्याशी. आणि म्हणून १७७३ साली रस्ते बांधणाऱ्या अधिकाऱ्यांनी खांबच पाडून टाकला. नको असलेली माणसं तिथं जमू नयेत एवढ्यासाठी! माणसांना पोटाला काम द्यायचं, राहायला खोली द्यायची, हे अवघड. त्यांचा टेकायचा दगड काढून घेणं सोपं. आपल्याकडे पुलाखाली अणकुचीदार दगड बसवतात आणि बसथांब्यावरचे बाक काढतात, त्याच जातीची ही युक्ती.

मूळ खांबाचे दगड पुढे वेब्रिज नावाच्या गावी गेले आणि १८२० मध्ये तिथं एका डचेसचं स्मारक म्हणून उभे राहिले. घड्याळाशिवाय! लंडनच्या चौकात आज आहे तो खांब नवा. पियर्सचं मूळ रेखाचित्र ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे, त्यावरून तो घडवला आणि १९८९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तोवर ज्यांच्यासाठी तो पाडला होता ती गरीब माणसं बहुतेक तिथून नाहीशी झाली होती. आज सभोवार कपड्यांची भारी दुकानं आहेत, नाटकगृहं आहेत, आणि कॉफीचा पेला घ्यायचा तर आपल्या बाईमाणसाला मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करून घाम फुटतो. पायथ्याच्या पायऱ्यांवर मात्र आजही कुणीही बसतं. आम्हीही बसलो.

बाबासाहेबांनी हा खांब पाहिला नसणार. ते १९१६ ला लंडनला गेले, शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ ला परत आले, पुन्हा १९२० ते १९२३ तिथं होते. त्या सगळ्या काळात चौक रिकामाच होता. पण ज्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते शिकले ती संस्था आणि ज्या म्युझियमच्या वाचनालयात दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते बसत ते म्युझियम, दोन्ही या चौकापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत आहेत. पैसा कमी, खाणं कमी, आणि शिष्यवृत्तीची मुदत डोक्यावर टांगलेली. वेळेचा हिशेब त्या माणसानं कसा ठेवला असेल, हे त्या परिसरात चालताना कळतं.

माझ्याबरोबर माझी भाची होती. ती तिथं नर्सचं काम करते. तिचा नऊ वर्षांचा मुलगाही होता. मी वर बघत असतानाच तो म्हणाला, "आजी, हे घड्याळ बिघडलंय. एक वाजून गेला, आणि हे बारा दाखवतंय."

घड्याळ बरोबर होतं. इंग्लंडात मार्चच्या शेवटच्या रविवारी सरकार सगळी घड्याळं एक तास पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतं. सूर्याला हा हुकूम कोण कळवणार! त्यामुळे उन्हाळ्यात तिथं मनगटावरच्या घड्याळात एक वाजतो तेव्हा सूर्यघड्याळात बारा वाजतात. आम्ही होतो तेव्हा सहांपैकी निम्म्या तबकड्यांवर ऊन होतं, बाकीच्या खांबाच्याच आडोशाला. दिवस पुढे सरकतो तसं ऊन एका तबकडीवरून दुसरीवर जातं.

तो तास सोडला तरीही सूर्यघड्याळ आणि आपलं घड्याळ रोज जुळत नाही. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा मार्ग पूर्ण गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला सूर्यघड्याळ १४ मिनिटं मागे असतं, नोव्हेंबरच्या आरंभी १६ मिनिटं पुढे. दोन्ही जवळजवळ तंतोतंत जुळतात ते वर्षातून चारदाच : १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरच्या आसपास. आता १४ एप्रिल म्हणजे जयंती आणि २५ डिसेंबर म्हणजे १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस. हे वाचून आपल्यापैकी कुणी याचा चमत्कार करून सांगू नये म्हणून लगेच लिहिते, हा निव्वळ योगायोग आहे. सावलीला ना जयंती कळते ना राहुकाल. घरभरणीचा मुहूर्त अजूनही गुपचूप काढून आणणारे काही उपासक मला ठाऊक आहेत. त्यांनी एकदा या खांबाखाली उभं राहावं. त्यावर मिनिटं आहेत, शुभ-अशुभ कुठंच नाही.

घड्याळ कुणाच्या हुकमानं चालायचं, हा प्रश्न मात्र योगायोगाचा नाही. माझे वडील लालबागला गिरणीत होते. भोंगा हेच आमचं घड्याळ. ते सांगत, त्यांच्या आजोबांच्या वेळी मुंबईत दोन वेळा होत्या. ही गोष्ट खरी आहे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं साऱ्या देशासाठी एकच प्रमाण वेळ लागू केली. मुंबईची स्वतःची सूर्यावरची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे. म्हणजे सकाळी सहाचा भोंगा नव्या घड्याळानं वाजला तर सूर्याच्या हिशेबानं तो पाच वाजून एकवीस मिनिटांनीच वाजला. कामगाराची झोप तेवढी कापली गेली. त्याच जानेवारीत गिरणी कामगार कामावर जायचे थांबले, खिडक्यांवर दगड पडले. मुंबईच्या महापालिकेनंही जुनी मुंबई वेळ धरून ठेवली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. घड्याळ ज्याच्या हाती, दुसऱ्याचा दिवस त्याच्या हाती. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्यानं बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांच्याच खात्याच्या विधेयकामुळे. आठवड्याचे सहा तास. ज्यांच्या घरात गिरणी होती त्यांना या सहा तासांची किंमत सांगायला नको.

तर आम्ही पायऱ्यांवर डबा उघडला. पोळी, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी. मुलगा दोन घास खाऊन खेळायला लागला. खेळ कसला, तर सावलीवर पाय द्यायचा. आमच्या पलीकडे एक म्हातारं गोरं जोडपं बसलं होतं. त्या बाईच्या टोपीची सावली फरशीवर पडली होती. हा उडी मारून तिच्यावर पाय द्यायचा, ती हसून टोपी हलवायची, सावली सरकायची, हा पुन्हा उडी मारायचा. पाच मिनिटं हा खेळ चालला. बाईनं जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी भाचीला म्हटलं, "याला पुण्याची गोष्ट सांगू का?"

ती चटकन म्हणाली, "नको ना आत्या. त्याला यातलं काही माहीत नाही. बरंच आहे की."

पुण्याची गोष्ट आपल्या वाचकांना माहीत आहे, तरी आकड्यांसकट लिहिते, कारण आकड्यांशिवाय तिचं विष नीट कळत नाही. पेशवाईत समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावरून चालण्याची बंदी होती, त्याच्या सावलीनं विटाळ होऊ नये म्हणून. बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये हे गळ्यातल्या मडक्यासह आणि कमरेच्या झाडूसह नोंदवलं आहे. समाजशास्त्रज्ञ डॉ. घुर्ये यांनी १९३२ सालच्या आपल्या ग्रंथात आणखी एक नियम दिला आहे : महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत मनाई. कारण त्या वेळी अंगाची सावली लांब पडते, आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडली तर तो बाटतो.

मी शाळेत मुलांना गणित शिकवलं आहे, म्हणून हिशेब करून पाहिला. माणूस साडेपाच फूट उंच धरा. पुण्यात मार्च-सप्टेंबरच्या मध्यानंतर, जेव्हा दिवस आणि रात्र सारखी असते तेव्हा, सूर्याच्या नऊ वाजता त्याची सावली सुमारे सहा फूट पडते. डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ दहा फूट. दुपारी तीनलाही तेवढीच, पलीकडच्या बाजूला. नऊ ते तीन ती आखडत जाते आणि पुन्हा वाढते. मे महिन्याच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा, भर माध्यान्हीला, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजे त्या दोन दिवशी दोन मिनिटं पुण्यात अस्पृश्य नव्हताच म्हणायचा! थोडक्यात, लंडनच्या लोकांनी वेळ कळावी म्हणून खांब उभा केला. पेशव्यांच्या पुण्यानं जिवंत माणसाचाच खांब केला, आणि त्याच्या सावलीवरून त्यालाच हाकललं.

भाचीचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आपल्यातल्या पुष्कळ शिकलेल्या घरांत आज हेच चालू आहे. मुलांनी इंग्रजी शाळेत जावं, मित्र जोडावेत, त्यांच्या मनावर जुन्या जखमांचं ओझं कशाला? जयंतीला फोटोला हार घालावा, मुलाला गाणं म्हणायला लावावं, आणि त्या माणसानं नेमकं काय भोगलं ते बारा-पंधरा वर्षांचा होईपर्यंत टाळावं. यात आईचा जीव आहे. पण आपण सांगितलं नाही तर दुसरं कुणीतरी सांगतं, आणि ते आपल्या मांडीवर बसवून सांगत नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "तुला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "तूच. माळ्यावर. सहावीत होते." मग गप्प बसली.

मी मुलाला जवळ घेऊन सांगितलं. रडवून नाही, साधंच. आपले खापरपणजोबा, पुणे शहर, वेस, नऊ वाजता उघडायची आणि तीनला बंद. का, तर सावली लांब. त्यानं आपली सावली पाहिली, हात वर करून ती लांब करून पाहिली. मग बराच वेळ विचार करून म्हणाला,

"पण आजी, रात्री तर सावली नसते. मग रात्री का नाही आत घ्यायचे?"

मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगते आहे. शाळेत सांगितली, विहारात सांगितली, वर्षावासाच्या कार्यक्रमात सांगितली. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दुपारी तीनपासून सकाळी नऊपर्यंत म्हणजे अठरा तास. त्यातले निम्म्याहून जास्त काळोखाचे. अमावास्येच्या रात्री कुणाची सावली कुणावर पडते? तरीही वेस बंदच. म्हणजे भीती सावलीची नव्हतीच, सावली हे नुसतं निमित्त. बुद्धानं कालामांना सांगितलं की परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा. नऊ वर्षांच्या पोरानं पोळी खाता खाता तपासून पाहिलं.

त्याला मी म्हटलं, "हाच प्रश्न त्यांना विचारणारा कुणी नव्हता. विचारला असता तर मारलं असतं." तो म्हणाला, "मग आंबेडकरांनी विचारला?" भाची म्हणाली, "बाबासाहेब म्हण." आणि हसली, पण डोळे पुसत.

परत येताना गाडीत तिनं मला एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वीची, घरी कुणाला सांगितली नव्हती. कामाच्या ठिकाणी जेवणाच्या खोलीत आपल्याच देशातली एक सहकारी रोज हिच्या डब्यातली भाजी खायची. एक दिवस तिनं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. दुसऱ्या दिवसापासून डब्यात हात घालणं बंद. भांडण नाही, शब्द नाही. तक्रार तरी काय करणार? तिथं २०१३ मध्ये पार्लमेंटनं समानतेच्या कायद्यात जात घालण्याची तरतूद केली होती. पण जुलै २०१८ मध्ये सरकारनं जाहीर केलं की वेगळी तरतूद नको, न्यायालयं बघून घेतील. "मुलाला सांगू नको म्हणत होते," ती म्हणाली, "आणि स्वतःच सांगत नव्हते."

आता आपल्या मुलांसाठी एक काम. लंडनला जायची गरज नाही. गच्चीवर किंवा मोकळ्या जागेत तीन फुटी काठी सरळ उभी करा. सरळ आहे की नाही ते दोऱ्याला दगड बांधून पाहा. १४ एप्रिलला मिरवणूक संध्याकाळी असते, दुपारी मुलं मोकळीच असतात. बारापासून सव्वापर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. जी खूण काठीच्या सर्वांत जवळ ती तुमच्या गावची माध्यान्ह. मुंबईला ती बाराला येणार नाही, १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास येईल. पुण्याला १२.३५, नागपूरला १२.१४. सावली अर्ध्या फुटाच्या आसपास भरेल आणि उत्तरेकडे पडलेली असेल. मुंबई आणि नागपूर यांतला २५ मिनिटांचा फरक कशामुळे, ते मुलांना नकाशा काढून शोधू द्या. चाळीत कुणाकडे मोजपट्टी नसेल तर शिवणकाम करणाऱ्या ताईकडे टेप मिळेल.

काठी उभी असतानाच त्यांना पुण्याची वेस सांगा. पाचवी-सहावीच्या मुलांना झेपते. ती काय विचारतात ते जसंच्या तसं, आपलं शहाणपण न घालता, पोस्टकार्डावर लिहून पाठवा. गाव आणि मुलाचं वय लिहायला विसरू नका. सावलीच्या वेळा आणि मुलांचे प्रश्न मे महिन्याच्या अंकात एकत्र छापू.